गाडी गरम करून आणा : नारायणगावातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामाचे परीक्षण

नारायणगावात जुन्नर रस्त्याच्या बाजूला बॅटरी, टायर आणि पंक्चरच्या दुकानांच्या रांगेत एक लहानसे दुकान आहे, ज्याच्या पाटीवर आता ‘ऑटो इलेक्ट्रिकल’ एवढीच अक्षरे वाचता येतात. माझ्या चौदा वर्षे जुन्या डिझेल पिकअपच्या सेल्फचा जो दोष इतर दोन ठिकाणी मिळून दहा हजार दोनशे रुपये खर्च करूनही गेला नव्हता, तो या दुकानात सहाशे दहा रुपयांत गेला. रकमेतील ही तफावत मोठी आहेच, पण दोष शोधण्याची तेथील मिस्त्रींची रीत मला त्याहून अधिक लिहिण्याजोगी वाटली. जुनी पिकअप वापरणाऱ्या कोणावरही हा प्रसंग येऊ शकतो, म्हणून तपासणीचा भाग मी सविस्तर देत आहे.

दोष विचित्र होता. पहाटे घरून निघताना गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होई. टोमॅटोचे क्रेट भरून बाजाराच्या आवारात पोहोचल्यावर रांगेत इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबलो आणि पुन्हा चावी फिरवली, की बोनेटखालून एक बारीक ‘टक’ ऐकू येई आणि त्यापुढे काहीच घडत नसे. डॅशबोर्डवरचे दिवे फारसे मंद होत नसत, हॉर्न नेहमीसारखा वाजे, आणि तीन-चार वेळा चावी फिरवल्यावर एखाद्या वेळी सेल्फ अचानक असा उचलत असे की जणू काही बिघडलेच नव्हते. वैशाखाच्या उन्हात हे रोजचेच झाले. सव्वा टन माल भरलेल्या गाडीला मागून धक्का देण्यासाठी सहा माणसे गोळा करावी लागतात, आणि त्या वेळी मागच्या गाड्यांचे चालक जे बोलतात ते येथे लिहिण्यासारखे नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला. बॅटरी तीन वर्षांची होती, त्यामुळे तो मला पटला आणि ७,४०० रुपये देऊन मी नवी बॅटरी बसवली. दोष कायम राहिला. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ खाली उतरवून कार्बन आणि बुश बदलले, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच, साफ केला आणि २,८०० रुपये घेतले. त्यानंतर आठवडाभर गाडी व्यवस्थित चालली, परंतु तो आठवडा ढगाळ होता हे माझ्या फार उशिरा लक्षात आले, कारण ऊन पडताच ‘टक’ परत सुरू झाली. या दुसऱ्या ठिकाणी रिलेही काढून पाहिला होता. मीटरवर त्याच्या कॉइलचा रोध ८६ ओहम आला आणि ‘रिले ओके’ असा निर्णय झाला. दोन्हीकडे लबाडी झाली असे मी म्हणणार नाही. मात्र दोष प्रत्यक्ष घडत असताना गाडी कोणीच तपासली नाही, दोघांनीही ती थंड अवस्थेत पाहिली आणि अंदाजाने भाग बदलला.

पुढचे समजण्यासाठी रिलेचे काम थोडक्यात सांगतो. आमच्याकडे ‘स्टार्टर’ म्हटले की विहिरीवरच्या मोटारीची पेटी डोळ्यांपुढे येते आणि गाडीच्या स्टार्टरला सगळे ‘सेल्फ’च म्हणतात, योगायोगाने रिले समजावून घेण्यासाठी ती विहिरीवरची पेटीच उपयोगी पडते. पेटीवरच्या हिरव्या बटणातून मोटारीचा सगळा प्रवाह जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला वीज देते, कॉइल पट्टी ओढते आणि मोटारीचा प्रवाह पट्टीवरच्या पॉइंटमधून जातो. गाडीत हीच रचना दोन टप्प्यांत असते. चावी रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपिअर प्रवाह देते. रिलेचे पॉइंट जुळले की त्यांच्यातून सेल्फवरच्या सोलेनॉइडला प्रवाह मिळतो, जो पहिल्या क्षणी वीस ते चाळीस अँपिअर असू शकतो. आणि सोलेनॉइडने आपली जाड तांब्याची पट्टी जुळवली की डिझेल इंजिन फिरवण्यासाठी लागणारे शे-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त थेट बॅटरीतून सेल्फच्या मोटारीत जातात. विहिरीवरच्या पेटीतले पॉइंट काळे पडून मोटार उचलत नाही, हा अनुभव नसलेला बागायतदार सापडणे कठीण. तरीही गाडीच्या रिलेबाबत तीच शंका आम्हा कोणाला आली नाही, याची आता थोडी लाज वाटते.

दुकानात मी प्रथम सकाळी साडेनऊला गेलो. मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी आहेत. माझे म्हणणे त्यांनी मध्ये न बोलता ऐकले, चावी एकदा फिरवून पाहिली, गाडी अर्थातच लगेच सुरू झाली, आणि ते म्हणाले, “भाऊ, ही आत्ता बरी आहे. मंचरपर्यंत जाऊन या, गाडी गरम करून आणा, आणि आल्यावर बोनेट उघडू नका.” येण्याजाण्याचे डिझेल माझे जाणार होते म्हणून मी थोडा कुरकुरलो, पण गेलो. परत आल्यावर त्यांनी इंजिन बंद करवून बोनेट मिटलेलेच ठेवले आणि बारा मिनिटे थांबायला लावले. याचे कारण त्यांनी नंतर सांगितले : इंजिन बंद पडल्यावर पंखा आणि पाण्याचा फेरा थांबतो, त्यामुळे बोनेटखालची हवा काही वेळ आणखी तापते, आणि दोष नेमका त्याच वेळी डोके वर काढतो. त्यात तांबे तापले की त्याचा रोध दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे पन्नास अंशांनी तापलेली सोलेनॉइडची कॉइल थंड असतानापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त रोध दाखवते आणि त्यामुळे कमी प्रवाह घेऊन कमी जोराने ओढते. सकाळच्या गारव्यात कशीबशी निभावणारी जोडणी दुपारी का हरते, याचे उत्तर मला येथे प्रथमच मिळाले.

बारा मिनिटांनी चावी फिरवली आणि हवी ती ‘टक’ आली. मिस्त्रींनी मीटरला हात लावण्याआधी आवाज नीट ऐकला, आणि रिलेवर बोट ठेवून दुकानातल्या मुलाला पुन्हा चावी फिरवायला सांगितली. त्यांच्या मते आवाजच अर्धे काम करून जातो. भराभर ‘टकटकटक’ आले तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल पाहायची. सेल्फकडून एकच जड ‘खट्ट’ आला तर सोलेनॉइडचे मोठे पॉइंट, कार्बन किंवा जाड केबल पाहायची. काहीच ऐकू आले नाही तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा रिलेची कॉइल. आणि माझ्या गाडीसारखी बारीक ‘टक’ रिलेत जाणवून सेल्फ गप्प राहिला, तर कॉइल काम करते आहे आणि अडथळा त्यापुढे कोठेतरी आहे. ऐकून ठरवलेले निदान त्यांनी तेथेच पक्के धरले नाही, हे मला विशेष आवडले.

मग मोजमाप सुरू झाले. स्थिर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती. चावी सेल्फवर धरून ठेवली असता बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते, परंतु सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, म्हणजे ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर, केवळ ६.९ व्होल्ट पोहोचत होते. मधले पाच-साडेपाच व्होल्ट कोठे गळत होते हे शोधण्यासाठी त्यांनी रिलेच्या बेसमध्ये, म्हणजे रिले ज्यात बसतो त्या खाचेत, मागच्या बाजूने मीटरच्या सुया घालून टप्प्याटप्प्याने मोजले. बॅटरीपासून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनपर्यंत, म्हणजे प्रवाह आत येतो तेथपर्यंत, १.२ व्होल्ट, रिलेच्या आत ३० पासून प्रवाह बाहेर पडणाऱ्या ८७ पर्यंत ३.९ व्होल्ट, आणि पुढे सेल्फपर्यंतच्या वायरमध्ये ०.३ व्होल्ट. हे तीन आकडे त्यांनी खडूने मडगार्डवर लिहिले आणि बेरीज मला करायला लावली. मुख्य चोर रिलेच होता, पण १.२ चा आकडा पाहून ते लगेच म्हणाले की त्याला एक साथीदार आहे.

खात्रीसाठी त्यांनी शेवटची चाचणी केली. गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि हॅंडब्रेक ओढलेला आहे हे स्वतः पाहून, रिले काढून बेसमधल्या ३० आणि ८७ या जागा फ्यूज लावलेल्या जाड वायरने क्षणभर जोडल्या. त्या तापलेल्या अवस्थेतही सेल्फने इंजिन जोमाने फिरवले. म्हणजे बॅटरी, सोलेनॉइड आणि सेल्फ तिघेही निर्दोष होते, आणि त्यांतल्या दोघांवर मी आधीच पैसे खर्च केले होते. ही चाचणी घरी करण्याचा मोह कोणाला झाल्यास एवढे ध्यानात ठेवावे, की गाडी गिअरमध्ये असेल तर ती जागेवरून उडी घेते आणि समोर उभ्या माणसाला बाजूला होण्याइतका वेळही मिळत नाही.

आधीच्या ठिकाणी मीटरने फसवले कसे, हा माझा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्या दिवशी ते सलग बोलले ते एवढ्याच विषयावर. तेथे सोलेनॉइडची वायर काढून, चावी फिरवून मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट पाहिले गेले होते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि प्रवाह नसला की जळक्या पॉइंटवरही व्होल्टेज पडत नाही. त्यामुळे पॉइंट चांगला असो वा करपलेला, मीटर बाराच दाखवणार. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहण्याची जुनी पद्धतही येथे अपुरी पडते. माझ्या रिलेच्या पॉइंटचा रोध हिशेबाने साधारण ०.१६ ओहम येत होता. बल्बच्या पावणेदोन अँपिअर प्रवाहाला त्यात पाव व्होल्टच्या आसपास घट होते आणि बल्ब डोळ्यांना झक्क पेटलेला दिसतो, पण सोलेनॉइडने चोवीस-पंचवीस अँपिअर मागितले की तोच रोध चार व्होल्ट गिळतो. कॉइलचे ८६ ओहम हा आकडाही खरा होता. तो केवळ कॉइलबद्दल बोलत होता, पॉइंटबद्दल नव्हे.

रिलेचे झाकण त्यांनी माझ्यासमोर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले. आतल्या एका पॉइंटवर काळा खळगा होता आणि समोरच्या पॉइंटवर त्याच आकाराचा उंचवटा, कारण प्रवाह सतत एकाच दिशेने वाहत असला की ठिणगीबरोबर एका पॉइंटचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसतो. प्रत्येक वेळी पट्टी किंचित वेगळ्या जागी टेकते, म्हणून तीन-चार प्रयत्नांत एखादा प्रयत्न यशस्वी होत असे. पॉलिश पेपरने घासून हाच रिले चालेल का, असे मी विचारले, कारण विहिरीवरच्या पेटीत आम्ही तेच करतो. त्यांनी नकार दिला. रिलेच्या पॉइंटवर चांदीच्या मिश्रधातूचा थर असतो आणि तो बारीक असतो. घासल्यावर काही दिवस बरे जातात आणि नंतर पॉइंट एकमेकांना चिकटण्याची भीती राहते. चिकटले तर चावी सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहतो आणि बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबत नाही.

तो साथीदार बेसमध्ये निघाला. ३० क्रमांकाच्या पिनला धरून ठेवणारी पितळी क्लिप सैल झाली होती आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. सैल क्लिप तापते, तापल्याने तिची पकड आणखी ढिली होते आणि ती उष्णता पिनवाटे रिलेच्या पॉइंटपर्यंत जाते. नुसता रिले बदलला असता तर तोही याच वाटेने गेला असता. त्यांनी जुनी क्लिप काढून नवी ६.३ मिलिमीटरची क्लिप दाबयंत्राने बसवली, पकडीने चेपून वेळ मारून नेली नाही, आणि वायरचा काळवंडलेला इंचभर तुकडा कापून टाकला.

नवा रिले निवडतानाची काळजी स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे. पिनांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आलेले असून ते जगभर चालतात, परंतु दिसायला एकसारख्या असलेल्या दोन रिलेंमध्ये ३० आणि ८६ यांच्या जागा उलटसुलट असू शकतात. बेसमध्ये दोन्ही सारखेच बसतात, त्यामुळे दुकानदाराने दिला आणि बसला म्हणून घेतला असे करू नये. जुन्या रिलेशेजारी धरून आकडे जुळवावेत. काही रिलेंत कॉइलला समांतर डायोड असतो आणि तेथे ८५-८६ या कॉइलच्या पिनांची दिशा चुकली तर फ्यूज जातो. मिस्त्रींनी दोन रिले माझ्या हातात दिले, दोन्हींवर ४० अँपिअर असेच छापलेले, पण त्यांतला स्वस्त रिले उचलताच हलका लागत होता आणि त्याच्या पिना बोटाने किंचित वाकत होत्या. मी २६० रुपयांचा घेतला. बसवल्यानंतर पुन्हा गाडी तापवून मोजले, तेव्हा बॅटरीपासून सोलेनॉइडपर्यंतची एकूण घट ५.४ वरून ०.४ व्होल्टवर आली होती.

आता तक्रारी. तपासणीचे दोनशे रुपये ते आधीच सांगतात आणि काम दिले नाही तरी घेतात. मला हे योग्य वाटते, पण ज्यांना ‘बघायचे कसले पैसे’ असे वाटते त्यांनी तेथे जाऊन वाद घालू नये. वेळ फार जातो. माझे काम सकाळी साडेनऊला सुरू होऊन दोनला संपले, त्यातले दोन तास ते एका ट्रॅक्टरच्या लाइटांत गुंतले होते, आणि ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एका उलट्या ठेवलेल्या बॅटरीच्या खोक्यापलीकडे बसायला काही नाही. पिकअप अर्धी रस्त्यावरच उभी करावी लागते, त्यामुळे ऊस वाहणारी ट्रॉली जवळून गेली की जीव वरखाली होतो. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागितल्यावर मिळाले ते वहीचे पान होते. विजेच्या भागाला हमी नाही हे सगळीकडेच ऐकायला मिळते. येथे क्लिप आणि वायरच्या कामाची तीन महिन्यांची हमी तोंडी दिली, पण रिलेची दिली नाही.

कामातही एक त्रुटी राहिली होती. सगळी मोजणी त्यांनी बॅटरीच्या धन बाजूने केली आणि इंजिनच्या अर्थिंगकडे पाहिलेच नाही. मी आठवण केल्यावर त्यांनी सेल्फ फिरत असताना इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत मोजले आणि ०.२ व्होल्ट आले, म्हणजे अर्थिंग ठीक होते. परंतु जुन्या गाडीत अर्थिंगची गंजलेली पट्टीही बऱ्याचदा अशीच लक्षणे दाखवते, तेव्हा हे न सांगता व्हायला हवे होते. याशिवाय, पुढे पुन्हा अडचण आली तर हाताशी असावे म्हणून डॅशबोर्डखाली सेल्फसाठी एक वेगळे बटण बसवून देण्याचा आग्रह त्यांनी धरला. ती सोय अनेक पिकअपवाल्यांनी करून घेतली आहे हे मला माहीत आहे, पण चावीला वळसा घालणारे बटण ज्या गाडीत पोरे चढून खेळतात तेथे मला नको होते. ते थोडे नाराज झाले. काम मात्र त्यामुळे कमी केले नाही.

एकूण सहाशे दहा रुपयांत दोनशे तपासणीचे, दोनशे साठ रिलेचे आणि दीडशे क्लिप व मजुरीचे. त्यानंतर साडेतीन महिने झाले. उरलेला उन्हाळा आणि पावसाळ्याचा पहिला जोर यांत गाडी रांगेत एकदाही अडली नाही. पाचपैकी चार गुण देतो. एक गुण अर्थिंग विसरल्याबद्दल आणि बसण्याच्या सोयीबद्दल मिळून कापला आहे.

जाणाऱ्यांनी दुपारी एकच्या सुमारास, गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवून जावे म्हणजे मंचरची फेरी वाचेल, आणि बरोबर रोख रक्कम ठेवावी. मी त्याच दिवशी तसाच दुसरा रिले घेऊन ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात टाकला आहे. तो अजून पुडीतच आहे.